पायाळू मूल आणि फिरवणारा हात : बाह्य गर्भावर्तनाच्या इतिहासाचा एक आढावा

१. प्रास्ताविक

मातेच्या उदरातून डोक्याऐवजी पायांच्या किंवा नितंबांच्या बाजूने बाहेर आलेल्या मुलास मराठीत ‘पायाळू’ म्हणतात. हा शब्द केवळ प्रसूतीच्या एका प्रकारापुरता मर्यादित राहिलेला नाही. तो त्या व्यक्तीस आयुष्यभर चिकटून राहतो. पायाळू माणसाचा पाय लावला असता पाठीत भरलेली उसण उतरते, डोळ्यांत अंजन घातले असता त्यास भूमिगत धन दिसते, त्याच्यावर वीज पडण्याचे भय असते, असे समज महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित होते. रोमन लोकांमध्येही अशा मुलाला स्वतंत्र नाव होते. पायांच्या बाजूने जन्मलेल्यांना ‘अग्रिप्पा’ म्हणत, आणि असा जन्म निसर्गाच्या विरुद्ध असतो, असे प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या सातव्या खंडात नोंदविले आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन समाजांनी एकाच घटनेला नाव द्यावे आणि त्या नावाभोवती शुभाशुभाच्या कल्पना गुंफाव्यात, यावरून अशा जन्मातून जिवंत सुटलेले मूल किती दुर्मिळ आणि विलक्षण वाटत असे, याची कल्पना येते.

गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ एकचतुर्थांश गर्भ पायाळू स्थितीत असतात. त्यांतील बहुतेक पुढे आपोआप फिरतात आणि दिवस भरल्यावर अशा गर्भांचे प्रमाण शेकडा ३ ते ४ एवढेच उरते. या उरलेल्यांना प्रसूतीपूर्वीच मातेच्या पोटावरून हाताने फिरवून डोके खाली आणण्याच्या क्रियेस प्रस्तुत निबंधात ‘बाह्य गर्भावर्तन’ असे म्हटले आहे. या क्रियेचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. हाताची कृती शतकानुशतके फारशी बदलली नाही. ती ज्यासाठी करावयाची तो हेतू मात्र वेळोवेळी बदलला. हेतू बदलला तेव्हा कृतीचे मोल बदलले, आणि एका टप्प्यावर कृतीच विस्मरणात जाऊ लागली. हा क्रम तपासणे हे या निबंधाचे प्रयोजन आहे.

२. संहितांतील मूढगर्भ : स्पर्शाने करावयाचे कर्म

भारतीय परंपरेत अडलेल्या गर्भाचा सर्वांत तपशीलवार विचार सुश्रुतसंहितेत आढळतो. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे मूढगर्भाचे चार प्रकार सांगितले आहेत. खुंटीसारखा अडकलेला तो कील, दाराच्या अडसरासारखा आडवा पडलेला तो परिघ. येथे लक्षणीय बाब अशी की, हे चार प्रकार काहींचे मत म्हणून नमूद करून संहिताकार ते अपुरे ठरवितो आणि गर्भाच्या आठ स्थिती वेगळ्या मांडतो. दोन्ही मांड्या पुढे आलेला, एक मांडी पुढे येऊन दुसरी दुमडलेला, नितंब पुढे आलेला, अशा पायाळू गर्भाच्या स्थिती त्यांत स्पष्टपणे ओळखता येतात. हे वर्गीकरण पुस्तकी नव्हे. ते प्रत्यक्ष हाताला काय लागते, यावर आधारलेले आहे.

चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात उपचार येतो. मूढगर्भ बाहेर काढण्याइतके कष्टाचे दुसरे कर्म नाही, कारण ते यकृत, प्लीहा, आतडी व गर्भाशय यांच्या मध्ये केवळ स्पर्शाने करावे लागते, असे तेथे म्हटले आहे. म्हणूनच अधिपतीची अनुज्ञा घेऊनच वैद्याने ते हाती घ्यावे, असा दंडक आहे. या कर्माच्या क्रियांची जी यादी दिली आहे, तीत छेदन-भेदनाबरोबरच ‘स्थानापवर्तन’ म्हणजे जागा बदलणे आणि ‘ऋजूकरण’ म्हणजे सरळ करणे, यांचा समावेश आहे. नितंब पुढे आले असता ते वर ढकलून पाय प्रसरण करून गर्भ ओढावा, आणि आडवा असल्यास खालचे अर्धे अंग वर सारून वरचे अंग अपत्यमार्गाकडे आणावे, असा विधी सांगितला आहे. जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये, असा निषेधही आहे.

या उताऱ्यांच्या आधारे गर्भ फिरविण्याची आधुनिक क्रिया प्राचीन भारतात ज्ञात होती, असे विधान अनेकदा केले जाते. त्याची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. संहितेतील आवर्तन हे प्रसूती अडल्यानंतरचे आहे आणि तुपाने व अन्य स्निग्ध द्रव्यांनी माखलेला हात आत घालून करावयाचे आहे. कळा सुरू होण्यापूर्वी पोटावरून मूल फिरविण्याचा विधी या अध्यायांत नाही. म्हणून या दोन क्रिया एकच मानणे योग्य ठरणार नाही. सुश्रुतसंहितेचे खरे महत्त्व वेगळे आहे. गर्भाची स्थिती ही दैवाधीन नसून हाताने बदलता येणारी गोष्ट आहे, ही धारणा तेथे निःसंदिग्धपणे व्यक्त झाली आहे.

या परंपरेकडे आधुनिक वैद्यकाच्या चौकटीतून पाहण्याचा एक आरंभीचा प्रयत्न मराठी स्त्रीने केला, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. तेथे त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. सुश्रुतसंहितेचे कविराज कुंजलाल भिषग्रत्न यांनी केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९०७ ते १९१६ या काळात प्रसिद्ध झाले. त्याच्या दोन दशके आधी वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने परकीय परीक्षकांपुढे हा विषय मांडला होता.

३. युरोप : पाय धरणारा हात

ग्रीक वैद्यकाने डोक्याने होणारा जन्मच स्वाभाविक मानला. अरुंद तोंडाच्या कुपीतून ऑलिव्हचे फळ आडवे बाहेर येऊ शकत नाही, तसेच आडव्या गर्भाचे असते, असा दृष्टान्त हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत येतो. दुसऱ्या शतकातील सोरेनस याने मात्र पाय धरूनही मूल बाहेर काढता येते, हे मान्य केले. पुढे हा विचार मागे पडला. सोळाव्या शतकाच्या मध्यात फ्रेंच शल्यज्ञ आंब्रवाझ पारे याने त्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली. त्याने वर्णिलेल्या क्रियेत हात गर्भाशयात घालून मुलाचे पाय शोधावयाचे, मूल फिरवावयाचे आणि पाय धरून ते बाहेर आणावयाचे असे. म्हणजे आडवे मूल मुद्दाम पायाळू करून जन्माला घालावयाचे.

आजच्या दृष्टीने ही उलटी रीत वाटेल, परंतु त्या काळाच्या संदर्भात ती तर्कशुद्ध होती. आडवे मूल बाहेर येऊच शकत नाही. पायाळू मूल निदान येऊ तरी शकते. सिझेरियन शस्त्रक्रियेत त्या काळी मातेचा मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. तेव्हा मातेला वाचविणे हा पहिला हेतू होता आणि हाताला धरण्यास सर्वांत सोपा अवयव म्हणजे पाय.

या परंपरेत सुइणींचा वाटा मोठा होता. पॅरिसच्या लुईझ बुर्जुआ यांनी १६०९ मध्ये, तर ब्रांडेनबुर्गच्या दरबारी सुईण युस्टिने झीगेमुंड यांनी १६९० मध्ये आपले ग्रंथ प्रसिद्ध केले. झीगेमुंड यांनी दोन्ही हातांनी गर्भ फिरविण्याची जी युक्ती सांगितली, ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. सुइणीच्या हातातील ज्ञान लेखनात उतरल्याची ही तुरळक उदाहरणे आहेत. बहुसंख्य सुइणींनी काहीच लिहिले नाही. त्यामुळे त्यांना काय येत होते आणि काय येत नव्हते, याविषयी लिखित इतिहास जवळजवळ मुका आहे.

४. हात बाहेर येतो : विगांट ते पिनार

हात गर्भाशयात घालण्याची किंमत जबर होती. गर्भाशय फाटण्याचा धोका असे, आणि त्याहून मोठा धोका सूतिकाज्वराचा. १८०७ मध्ये हॅम्बुर्गच्या युस्टुस हाइनरिख विगांट याने केवळ पोटावरून दाब देऊन मूल फिरविण्याची पद्धत मांडली. लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन ब्रॅक्स्टन हिक्स याने १८६० नंतर एक हात पोटावर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे आत, अशी मधली वाट काढली. संपूर्ण हात आत घालण्याची गरज यामुळे उरली नाही.

या क्रियेला शास्त्राचे स्थान मिळवून दिले ते पॅरिसच्या आदोल्फ पिनार यांनी. १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पोट चाचपून गर्भाची स्थिती ओळखणे आणि बाहेरून ती बदलणे, या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार होता. हे एकत्रीकरण महत्त्वाचे आहे. प्रसूतीच्या वेळी अडचण आल्यावर धावणारा वैद्य आणि गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोट तपासून अडचण आधीच ओळखणारा वैद्य, यांत मोठे अंतर आहे. पिनार यांनी गर्भावर्तन कळांच्या आधी आणले. फिरविलेले मूल पुन्हा उलटू नये, म्हणून पोटाला बांधावयाचा एक खास पट्टाही त्यांनी योजला.

अर्थात पिनार यांचा हेतू सिझेरियन टाळणे हा नव्हता. ती शस्त्रक्रिया त्या वेळी नुकतीच जीवघेणेपणातून बाहेर पडू पाहत होती. गर्भाशयाला टाके घालण्याची मॅक्स सेंगरची पद्धत १८८२ ची. पिनार यांना टाळावयाची होती ती पायाळू प्रसूती. तीत धड बाहेर येते, डोके अडकते आणि मूल गुदमरते. म्हणजे पारेच्या काळी मातेसाठी फिरणारा हात पिनार यांच्या काळी मुलासाठी फिरू लागला होता.

५. शस्त्र सोपे होते, हात दुबळा होतो

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाह्य गर्भावर्तन ही गर्भवतीच्या तपासणीतील नित्याची बाब होती. मात्र तिच्यात दोन उणिवा शिरल्या. एक म्हणजे ती फार लवकर, दिवस भरण्याच्या कित्येक आठवडे आधी केली जाई. अशा वेळी मूल सहज फिरते खरे, पण तितक्याच सहजतेने परत उलटते. शिवाय त्यांतील अनेक मुले हात न लावताही फिरली असती. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. मूल फिरत नसेल तर मातेला भूल देऊन जोराने फिरविण्याचा प्रघात काही ठिकाणी पडला. वेदना ही जोर मर्यादेबाहेर जात असल्याची खूण असते. भुलीने ती खूणच नाहीशी झाली. वार सुटून मुले दगावल्याच्या नोंदी वाढल्या आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास या क्रियेची उपयुक्तता संपत आल्याचे लेख प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकांत येऊ लागले.

त्याच काळात रक्तसंक्रमण, प्रतिजैविके आणि सुधारलेली भूल यांमुळे सिझेरियन शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाली होती. १९५९ मध्ये अमेरिकेतील राल्फ राइट यांनी दिवस भरलेल्या प्रत्येक पायाळू गर्भासाठी ही शस्त्रक्रिया करावी, असे सुचविले. शस्त्र हाताशी असताना अवघड कौशल्य शिकण्याची गरज कोणास वाटणार? नव्या पिढीतील वैद्यांना गर्भ फिरविण्याचेही शिक्षण मिळेना आणि पायाळू बाळंतपण करण्याचेही.

ज्या समाजांत शस्त्रक्रिया सहजी उपलब्ध नव्हती, तेथे हात टिकून होता. मेक्सिकोतील युकातान प्रांतातील माया सुइणी गर्भवतीच्या पोटाला नियमित मर्दन करीत आणि पायाळू मूल हलक्या हाताने फिरवीत. मानवशास्त्रज्ञ ब्रिजिट जॉर्डन यांनी त्यांच्या सहवासात राहून ही पद्धत अभ्यासली. पायाळू प्रसूती आणि सिझेरियन या दोहोंना पर्याय म्हणून बाह्य गर्भावर्तनाकडे पाहावे, असे त्यांनी १९८४ मध्ये एका लेखात मांडले. या सुइणी भूल देत नसत. गर्भवती जागी असे, बोलत असे, दुखले तर सांगत असे. वैद्यकाने भुलीमुळे गमावलेली खूण त्यांच्याकडे शाबूत होती.

६. पुराव्याचे युग

बाह्य गर्भावर्तनाचे पुनरुज्जीवन बर्लिनमध्ये झाले. एरिक झालिंग आणि म्युलर-होल्वे यांनी १९७५ मध्ये दोन बदल सुचविले : मूल दिवस भरल्यावरच फिरवावे, आणि गर्भाशयाचे आकुंचन थोपविणारे औषध देऊन ते शिथिल झाल्यावर फिरवावे. भूल वर्ज्य झाली. प्रतिध्वनी-चित्रणामुळे वार कोठे आहे हे आता आधी कळू शकत होते आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके सतत नोंदविता येत होते. काही बिघडलेच तर तत्काळ शस्त्रक्रिया करण्याची सोय जवळ असे. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेने या कौशल्याला बाजूस सारले, तिच्याच आश्रयाने ते सुरक्षित झाले.

यानंतर तुलनात्मक चाचण्या सुरू झाल्या. जोहान्सबर्ग येथील जस्टस हॉफमेयर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दिवस भरल्यानंतरच्या गर्भावर्तनाने पायाळू प्रसूती आणि सिझेरियन या दोहोंचे प्रमाण घटल्याचे आढळले. उलट १९८५ मध्ये हरारे येथील चाचणीत दिवस भरण्यापूर्वी केलेल्या गर्भावर्तनाचा उपयोग दिसला नाही. जुन्या प्रघातातील पहिली उणीव अशा रीतीने पुराव्याने सिद्ध झाली. २०१५ मध्ये हॉफमेयर आणि सहकाऱ्यांनी ८ चाचण्यांतील १३०८ स्त्रियांच्या माहितीचे संकलन केले. त्यानुसार गर्भावर्तनाचा प्रयत्न केलेल्या गटात सिझेरियनचा धोका सुमारे ४३ टक्क्यांनी कमी होता. प्रयत्न साधारणपणे निम्म्या स्त्रियांत यशस्वी होतो, आधी बाळंतपण झालेल्या स्त्रियांत अधिक. त्यानंतर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागण्याचा प्रसंग दोनशेत सुमारे एकीवर येतो.

तथापि या क्रियेचे महत्त्व एकाएकी वाढले ते दुसऱ्याच कारणाने. मेरी हॅना आणि सहकाऱ्यांनी २६ देशांतील १२१ केंद्रांत केलेली, २०८८ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी ऑक्टोबर २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पायाळू गर्भाच्या बाबतीत नियोजित सिझेरियन केल्यास मुलाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण १.६ टक्के, तर योनिमार्गे प्रसूती योजल्यास ५ टक्के, असा तिचा निष्कर्ष होता. परिणाम तात्काळ झाला. नेदरलँड्समध्ये अवघ्या दोन महिन्यांत पायाळू गर्भांसाठीच्या सिझेरियनचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. २००४ मध्ये त्याच चाचणीतील मुलांची दोन वर्षांच्या वयात पाहणी झाली, तेव्हा दोन्ही गटांत मृत्यू वा विकासातील मागासलेपण यांबाबत फरक आढळला नाही. २००६ मध्ये फ्रान्स व बेल्जियम येथील मोठ्या पाहणीने कुशल हातांत पायाळू बाळंतपण पुरेसे सुरक्षित असल्याचे दाखविले, आणि त्याच वर्षी अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २००१ मधील आपली कडक शिफारस सौम्य केली. परंतु मधल्या काळात एका पिढीने पायाळू बाळंतपण करणे सोडून दिले होते. मत बदलता येते. सरावाअभावी गेलेला हात परत येण्यास फार वेळ लागतो. आता पायाळू गर्भ म्हणजे सिझेरियन, हे समीकरण पक्के झाल्याने ते टाळण्याचा मार्ग म्हणून बाह्य गर्भावर्तन उरले. फिरविणाऱ्या हाताचा हा तिसरा हेतू.

७. भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाला वेगळे परिमाण आहे. १८८५ मध्ये डफरिन निधी आणि १९०३ मध्ये दाई-प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला. दुसऱ्या निधीच्या वतीने १९१८ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध झालेल्या अहवालात देशभरातील स्त्री-डॉक्टरांनी दाईंच्या रीतींचे निवेदन केले आहे. अशी साधने वाचताना एक पथ्य पाळावे लागते. डॉक्टरांपर्यंत येत ती दाईच्या हातून बिघडलेली बाळंतपणे. जे मूल वेळेवर फिरले आणि सुखरूप जन्मले, त्याची नोंद होण्याचे कारणच नव्हते. म्हणून या अहवालांतील अज्ञानाची व अस्वच्छतेची वर्णने खोटी ठरत नाहीत, पण त्यांवरून दाईच्या हातातील सर्व कौशल्याचा हिशेब करता येत नाही. तिच्या यशाचा दप्तरखाना अस्तित्वातच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील ३८.७ टक्के बाळंतपणे संस्थांत होत; २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. मातामृत्यू रोखण्याच्या दृष्टीने हा बदल मोलाचाच आहे. त्याच काळात सिझेरियनचे प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेले. २०१९-२१ मध्ये सरकारी संस्थांत ते १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. यांतील फार थोडा भाग पायाळू गर्भांचा असणार, कारण त्यांचे प्रमाणच शेकडा ३ ते ४ आहे. तरीही ही वाटणी बोलकी आहे. गर्भाची स्थिती संस्थेची मालकी पाहून बदलत नाही, निर्णय बदलतात. पहिल्या खेपेला सिझेरियन झाले की पुढील गर्भारपणांत वारेचे दोष आणि व्रण उकलण्याचा धोका वाढतो. ज्या स्त्रीस पुढचे बाळंतपण शस्त्रक्रियागृहापासून दूर करावे लागण्याची शक्यता असते, तिच्यासाठी पहिले सिझेरियन टळणे ही केवळ सोयीची गोष्ट नसते.

बाह्य गर्भावर्तनाला यंत्रसामग्री थोडी आणि अनुभव पुष्कळ लागतो. मूल श्रोणीतून वर उचलणे, डोके पुढे वळविणे, ठोके ऐकत थांबणे, न जमल्यास सोडून देणे, हे सारे पुस्तकातून येत नाही. ते ज्येष्ठांच्या हाताशेजारी हात ठेवून शिकावे लागते. दाई व्यवस्थेबाहेर गेली आणि डॉक्टरांच्या नव्या पिढीला सराव मिळेना, तर या दोहोंच्या मध्ये कौशल्य निराधार होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रशिक्षित सुईण-परिचारिकांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सुईण ही व्यवस्थेत हवी, ही जाणीव त्यामागे आहे.

८. समारोप

बाह्य गर्भावर्तनाचा इतिहास हा सरळ प्रगतीचा इतिहास नाही. माता वाचावी म्हणून, मूल वाचावे म्हणून आणि पुढे शस्त्र टळावे म्हणून, अशा तीन हेतूंनी हात फिरत आला. प्रत्येक वेळी नव्या साधनाने त्याची उपयुक्तता बदलली. शस्त्रक्रियेचा विकास झाला नसता तर असंख्य माता आणि बालके दगावली असती, हे निर्विवाद आहे. परंतु एक उपाय सोपा झाला म्हणून दुसऱ्याचे शिक्षण थांबविले, तर पुढील पिढीपुढे निवडच उरत नाही, हेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने दाखवून दिले आहे. गर्भवतीला मूल फिरवून पाहण्याचा पर्याय सांगण्यासाठी ते फिरवू शकणारे कोणीतरी त्या रुग्णालयात असावे लागते. सुश्रुतसंहितेने ज्या कर्माला स्पर्शाचे कर्म म्हटले, त्याचे जतन ग्रंथांनी फार थोडे केले; ते हातांनी हातांना देऊन केले. ही देवघेव आज कोठे चालू आहे आणि कोठे थांबली आहे, याची नोंद दाई, परिचारिका व ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ यांच्याकडून त्यांच्या हयातीतच घेणे, हे वैद्यकाच्या इतिहासाचे आणि भाषांच्या अभ्यासाचेही निकडीचे काम आहे.